पुस्तक मिटल्यावर

रत्नागिरीत मारुती मंदिरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात कॉलेजातली एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "माझ्या नोट्स झाल्या." हातात दुसऱ्याच कुणाच्या वहीच्या प्रती होत्या. ते वाक्य मला सलत राहिलं.

गाइड, घोकंपट्टी यांवर पुष्कळ बोलून झालंय. मला महत्त्वाचा वाटतो तो फरक वेगळा आहे: टिपण पुस्तक उघडं ठेवून काढलं की मिटून? उघड्या पुस्तकासमोर नुसता हात चालतो. मिटलं की आठवावं लागतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्यानं घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे.

आमचं नगर वाचनालय १८२८ चं. तिथलं पुस्तक परत करायचं असतं, त्यात रेघा मारायच्या नसतात. कितीतरी पिढ्यांना त्यामुळेच वाचलेलं डोक्यात घेऊन घरी जावं लागलं असेल. मला हे त्या संस्थेचं मोठं देणं वाटतं.

आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक! मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी 'गीतारहस्य' पेन्सिलीनं लिहिलं. १९१४ मध्ये सुटल्यावर त्या वह्या काही काळ सरकारकडेच राहिल्या, तरी ग्रंथ पुन्हा लिहून काढता येईल याची त्यांना खात्री होती.

माझे एक प्राध्यापक मित्र यावर उसळतात. "टिळकांची स्मरणशक्ती सगळ्यांना कुठून येणार?" हे मी मानत नाही, प्रयोगातली मुलं साधीच होती. पण त्यांचा दुसरा प्रश्न मला अडवतो: "मग काणे?" याच जिल्ह्यातले भारतरत्न पां. वा. काणे. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे त्यांचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात निघाले. ते आधारांनी खच्चून भरलेत. तिथे वचन जसंच्या तसं हवं, ग्रंथ आणि स्थळ अचूक हवं. नुसत्या आठवणीवर असं काम उभं राहत नाही.

म्हणजे हुबेहूब प्रत लागतेच. सूत्र, व्याख्या, सनावळी यांचा फोनवर फोटो काढला तरी माझी हरकत उरत नाही. त्या मुलीच्या झेरॉक्सवरचा माझा रागही आता गेलाय. प्रश्न फक्त क्रमाचा आहे. आधी धडा वाचून, पुस्तक मिटून स्वतः लिहावं. मग ती प्रत काढून काय सुटलं, काय चुकलं ते ताडून पाहावं. शिक्षकांनी तासाची शेवटची दहा मिनिटं यासाठी सोडावीत. त्या वेळात फळाही पुसलेला असावा.