परीक्षण पुस्तकाचं, नायकाचं नव्हे

नागपूर

चि. भाचीस,


नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या बंगालच्या स्वारीवरची कादंबरी तुझ्याकडे परीक्षणासाठी आल्याचं ताईनं सांगितलं. आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. नायक आपल्या गावचा आहे, म्हणून काळजी.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की कर. तुला परीक्षण पुस्तकाचं लिहायचं आहे, रघुजींचं नाही. आपल्याकडे शिवराय, संभाजीराजे, बाजीराव यांच्यावरच्या कादंबऱ्यांविषयी लिहिताना निम्मा मजकूर नायकाला मुजरा करण्यातच खर्ची पडतो. लेखकानं काय केलं, ते सांगायचं राहूनच जातं. नायक थोर म्हणून कादंबरी थोर ठरत नाही.

पहिल्या वाचनात पेन्सिल दूर ठेव. गोष्ट धरून ठेवते का, एवढंच बघ. दुसऱ्या वाचनाला यादव माधव काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ शेजारी असू दे. सनावळीच्या चुका सापडल्या तर जरूर नोंदव, पण सगळं परीक्षण त्यांच्यावर उभं करू नकोस. लेखकाचा खरा कस लागतो तो कागदपत्रं गप्प होतात तिथं. १७४४ साली बंगालचा नवाब अलिवर्दीखान यानं रघुजींचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना बोलणी करायला म्हणून तंबूत बोलावलं आणि दग्यानं मारलं, हे इतिहास सांगतो. तंबूकडे निघालेल्या भास्करपंतांच्या मनात काय चाललं होतं, ते कुठेच लिहिलेलं नाही. ती जागा कादंबरीकाराची. तिथं त्यानं काय रचलं आणि ते त्या काळाला, त्या माणसाला शोभतं का, यावर मन लावून लिही.

मग पलीकडची बाजू शोध. नागपूरला अलिवर्दीखानाशी झालेला १७५१ चा तह आठवतो, ओडिशा आणि सालिना १२ लाखांची चौथाई आठवते. बंगालला बर्ग्यांच्या, म्हणजे मराठी घोडेस्वारांच्या, धाडी आठवतात. तिथल्या अंगाईत त्यांची धास्ती उतरली आहे आणि गंगाराम या कवीनं त्याच काळात ‘महाराष्ट्र पुराण’ नावाचं काव्य त्यावर रचलं. गाव सोडून पळणारा तिकडचा शेतकरी या कादंबरीत दिसतो का? दिसत नसेल तर तसं स्पष्ट लिही.

रणजित देसाईंची माधवराव पेशव्यांवरची ‘स्वामी’ तुझी आवडती. तीही या नजरेनं पुन्हा वाच. पुण्यात उभं राहिलं की रघुजींचे पुत्र जानोजी भोसले डोईजड झालेले सरदार वाटतात. १७६९ च्या कनकापूरच्या तहापर्यंतचा जानोजी-पेशव्यांमधला तोच झगडा नागपुरातून वेगळा दिसतो. कादंबरीकार कुठेतरी उभा राहूनच बघणार, त्यात दोष नाही. तो कुठे उभा आहे, ते वाचकाला दाखवून देणं हे तुझं काम.

देसाईंच्याच ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांचं दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेलं आहे. लिहायला बसण्याआधी ते वाच. लेखकावर माया ठेवूनही इतिहासाचे अवघड प्रश्न त्याच्यापुढे कसे मांडावेत, ते त्यातून शिकता येतं.

कथानक सगळं सांगून टाकू नकोस. स्तुती असो की टीका, पुस्तकातला प्रसंग दाखवून कर. आणि छापायला देण्याआधी, समोर एक बंगाली वाचक बसला आहे असं समजून परीक्षण मोठ्यानं वाच. जे वाक्य त्याच्यासमोर उच्चारायला जड जाईल, ते पुन्हा तपास. तपासून खरं वाटलं तर तसंच ठेव. नुसत्या अभिमानापोटी आलं असेल तर खोड.

तुझा,
मामा