सोबत आणि राखण



एक साधा प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. आपण सहज म्हणतो, 'यंदा मुलींना सोबत घेऊन गेलो.' आळंदीला नेले, देहूला नेले, पालखीबरोबर एक टप्पा चालवले. या वाक्यातला 'सोबत' हा शब्द दर वेळी खरा असतो का? की आपण मुलींची राखण करत चालतो आणि त्याला सोबत म्हणतो?

वरवर पाहता दोन्ही सारखेच दिसते. बाप पुढे, मुली मागे. पाण्याची बाटली बापाच्या पिशवीत, पैसे बापाच्या खिशात, कुठे थांबायचे आणि कधी निघायचे ते बापाच्या तोंडात. मुली लहान असतात तेव्हा हे ठीकच असते. पण थोरली कॉलेजात गेली, धाकटी अकरावीत आली, तरी आपली चाल तीच राहते. तुमच्या घरात वयात आलेल्या लेकी असतील, तर मी काय म्हणतो ते तुम्हाला कळेल. नसतील तर नातीसाठी, भाचीसाठी वाचा.

या प्रश्नापर्यंत मी पुस्तक वाचून आलो नाही. दिवे घाटाने मला तिथे आणले, म्हणून तेवढी हकिकत सांगतो.

माउलींची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून सासवडला निघते, तो टप्पा तुम्हाला माहीत आहे. तीस किलोमीटरच्या वरची ती चाल. आळंदी ते पंढरपूर या सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वाटेत एका दिवसात इतके क्वचितच चालावे लागते. त्यात एकादशीचा उपवास आणि शेवटी घाट. कॉलेजे नुकतीच उघडलेली असतात, अभ्यास बुडतो, म्हणून पुण्याकडची पुष्कळ मुलेमुली एवढा एकच टप्पा चालतात. माझ्या दोघीही त्या वर्षी त्यासाठीच आल्या होत्या.

हडपसरपर्यंत धाकटी टाळाच्या ठेक्यावर पावले टाकत होती. वडकी नाल्याच्या विसाव्यानंतर ती मागे पडू लागली. मी दोनदा थांबलो. तिसऱ्यांदा मात्र घाटाच्या पहिल्या वळणावर चारचौघांत बोललो, "सत्तर वर्षांच्या मावश्या डोक्यावर तुळस घेऊन चढतायत, आणि तुला चालवत नाही?" ती काही बोलली नाही. थोरलीने तिची पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि मला म्हणाली, "बाबा, तुम्ही व्हा पुढे. आम्ही येतो."

मी पुढे झालो. मनात म्हटले, आजकालच्या मुली नाजूक.

सासवडला तळाजवळ टेकलो तेव्हा थोरलीने मला बाजूला घेऊन सांगितले. धाकटीला वडकी नाल्याच्या आधीच मासिक पाळी आली होती. दोघींनी रस्त्यावरच्या एका आरोग्य पथकाकडून लागेल ते मागून घेतले होते. पोटात कळा येत असताना तिने अख्खा घाट चढला होता, आणि माझ्यापासून ते लपवायचे असे बहिणीकडून वचन घेतले होते. मी विचारले, "मला का नाही सांगितले?" थोरली म्हणाली, "तिला वाटले, तुम्ही परत पाठवाल. आणि पाठवले नाही तरी पादुकांच्या दर्शनाला येऊ देणार नाही."

माउली, मला रागावल्याचे तितके दुःख झाले नाही, जितके या उत्तराचे झाले. कारण ते उत्तर खोटे नव्हते. या दिवसांत देवघराकडे जाऊ नको, हे मीच तिला घरात एकदा नव्हे, अनेकदा सांगितले होते. मुलगी सकाळपासून माझ्या हाताच्या अंतरावर चालत होती. मी तिच्यावर नजर ठेवून होतो. गर्दीत कोणी धक्का देईल का, ट्रकखाली पाय जाईल का, कोणी तिचा फोटो काढील का, सगळे पाहत होतो. राखण चोख होती. पण तिच्या पोटात दुखत होते तेव्हा तिच्यासोबत मी नव्हतो. तिला सर्वांत जास्त भीती होती, ती गर्दीची नव्हती. माझी होती.

त्याच संध्याकाळी समाजआरती झाली. वारकऱ्यांना ती नवी नाही, पण त्या दिवशी मी ती पहिल्यांदाच नीट पाहिली. सगळ्या दिंड्या तळावर येतात, टाळमृदंगाचा एकच गजर चाललेला असतो. मग चोपदार दंड उंचावतात, हाळी देतात, आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी थांबत नाही. ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिला दटावत नाहीत. ते तिच्यापर्यंत चालत जातात, काय झाले ते ऐकून घेतात, तोड काढतात. त्यानंतर ती दिंडी शांत होते, आणि मगच पुढची आरती.

पाहा, एवढ्या मोठ्या सोहळ्याची शिस्त कशावर उभी आहे? दंडावर आहे, हे खरे. पण त्या दंडामागे एक वचन आहे: तुझे काही गाऱ्हाणे असेल तर वाजव, आम्ही येऊ. ज्या सोहळ्यात टाळ वाजवायची मुभा आहे, तिथल्या शांततेला अर्थ आहे. आपल्या घरातली शांतता कशी असते? मुली काही बोलत नाहीत, म्हणून आपण समजतो की त्यांना काही तक्रार नाही. माझ्या घरात टाळ वाजत नव्हते, कारण ते वाजवले तर मी दटावीन, हे पोरींना ठाऊक होते.

आता तुमच्या मनात एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. जग कसे आहे ते आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. बापाने राखण करायची नाही तर कोणी करायची? सोबतीच्या नावाखाली मोकळे सोडून द्यायचे का?

नाही. राखण टाकून द्या असे मी म्हणत नाही. दिंडीलाही नियम आहेत. तिची रथाच्या पुढची किंवा मागची जागा ठरलेली, विणेकऱ्याचा मान ठरलेला, निघायची वेळ ठरलेली. पण हे नियम चालणाऱ्याला पंढरपूरला पोहोचवण्यासाठी आहेत. त्याला जागच्या जागी बसवून ठेवण्यासाठी नाहीत. म्हणून बापाच्या प्रत्येक नियमाला एक कसोटी लावता येते. या नियमामुळे मुलगी अडचणीत माझ्याकडे धावत येईल, की ती अडचण माझ्यापासून लपवील? लपवणार असेल, तर त्या नियमाने तिचे रक्षण होत नाही. ज्या दिवशी खरेच संकट येईल त्या दिवशी ती दोन गोष्टींना भ्यायलेली असेल, संकटाला आणि बापाला. तिच्याइतके एकटे मग कोणी नाही.

विटाळाचेही बोलायला हवे, कारण गाठ तिथेच होती. आपण संतांचे नाव घेतो, तर संतांना विचारू या. चोखोबारायांच्या सोयराबाईंनी हा प्रश्न सातशे वर्षांमागे उघडपणे विचारून ठेवला आहे. देह ज्यातून घडला तोच विटाळ असेल, तर विटाळावाचूनचा देह कोणाचा, हा त्यांच्या बोलण्याचा रोख. त्या महार घरातल्या, बाई आणि संसारी. विटाळ हा शब्द त्यांनी पोथीतून ऐकला नव्हता, उंबऱ्याबाहेर उभे राहून सोसला होता. त्यांचे अभंग आपण भजनात म्हणतो आणि घरी येऊन लेकीला देवघराबाहेर उभे करतो, हे कसे जुळायचे? तुमच्या घरची रीत बदला असे सांगायचा मला अधिकार नाही. घरातल्या बायकांशी, मुलींशी बोलून तुम्ही ती ठरवा. पण ज्या देवाला आपण आई म्हणतो, त्या आईला लेकीच्या देहाची अडचण होते का, एवढे एकदा स्वतःला विचारा.

मी त्या रात्री धाकटीला म्हटले, "चल, पादुकांचे दर्शन घेऊ." तिने आधी बहिणीकडे पाहिले, मग माझ्याकडे. विचारले, "चालेल?" मी म्हटले, "माउलीच आहे ना ती?" आम्ही तिघे रांगेत उभे राहिलो. रांगेत ती हळूहळू बोलू लागली. पोट अजून दुखतेय म्हणाली. दिवसभरात माझ्याशी बोललेले तिचे ते पहिले खरे वाक्य होते.

धाकट्याचे ऐकणे ही आपल्या संप्रदायात कमीपणाची गोष्ट नाही. चार भावंडांत मुक्ताई सर्वांत धाकटी. ज्ञानोबाराय लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन दार लावून बसले, तेव्हा ताटीचे अभंग म्हणून दार उघडायला लावले ते तिनेच. चांगदेवांसारख्या योग्याने या पोरीला गुरू मानले, असे परंपरा सांगते. आपल्या घरची मुक्ताई दार ठोठावत असेल, तर ताटी कोणाच्या खोलीची लागलेली आहे हे आधी पाहावे. पुष्कळदा ती बापाच्याच खोलीची असते.

आणि जनाबाई आठवा. गंगाखेडची ही पोर लहानपणी पंढरीला आली आणि दामाशेटींच्या घरी राहिली. वडिलांनी तिला तिथे ठेवले, असे सांगतात. बापाची वाट गंगाखेडला परतली, लेकीची पंढरीत राहिली. प्रत्येक बापाच्या प्रवासात हा क्षण येतो. कोणाची लेक शिकायला दुसऱ्या गावी जाते, कोणाची नोकरीला, कोणाची सासरी. आपण हात धरून चालतो ते शेवटी हात सोडता यावा म्हणून.

हडपसरला काय होते ते आठवून पाहा. पुण्यात दोन रात्री एका शहरात राहिलेल्या दोन पालख्या तिथून वेगळ्या होतात. तुकोबारायांची लोणी काळभोरची वाट धरते, ज्ञानोबारायांची दिवे घाटाची. एक बारामती, इंदापूर, अकलूजवरून जाते. दुसरी जेजुरी, लोणंद, फलटणवरून. त्या वेगळ्या झाल्या म्हणून कोणी रडत नाही. वाखरीला भेटणार हे सर्वांना ठाऊक असते. वाटा दोन असल्या तरी ओढ एक असेल तर भेट चुकत नाही. लेकीच्या बाबतीत मात्र आपला हा भरवसा कमी पडतो. तिची वाट आपल्या वाटेला चिकटूनच असली पाहिजे, असा आपण हट्ट धरतो.

गेल्या वर्षी थोरलीने सांगितले की ती मैत्रिणींबरोबर पूर्ण वारी चालणार आहे. विचारले नाही, सांगितले. माझ्या पोटात गोळा आला. दिंडी कोणती, भिशी किती, राहुटीत बायकांची सोय कशी, रात्री कोणाला हाक मारायची, एवढे मी विचारले. तिने सगळ्याची उत्तरे काढून ठेवली होती. शेवटी मी एकच म्हटले, "काही झाले तर आधी मला सांग. मी रागावणार नाही." ती म्हणाली, "आता सांगेन."

'आता' हा शब्द तिने सहज वापरला असेल. मी तो जपून ठेवला आहे.

वाखरीच्या तळावर मी तिला भेटायला गेलो. पाय फुगलेले, चेहरा उन्हाने काळवंडलेला, गळ्यात माळ. वारीत लहान-मोठे पाहत नाहीत, सगळे एकमेकांच्या पाया पडतात, हे आपण शंभरदा केले आहे. अनोळखी पोराच्या पायावर डोके ठेवताना आपल्याला काही वाटत नाही. पण पोटच्या लेकीपुढे वाकताना माझी पाठ क्षणभर ताठली. मग वाकलो. तीही वाकली. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली आणि ती हसली.

माउली, येत्या आषाढीला लेकींना घेऊन निघाल तेव्हा त्यांच्यावर नजर अवश्य ठेवा. पण वाटेत कुठे तरी, विसाव्याला बसल्यावर, त्यांना विचारा, "काही बोलायचे राहिले आहे का?" आणि टाळ वाजू लागले तर दटावू नका. उठून त्यांच्यापर्यंत जा.

रामकृष्ण हरी.