आविर्भाव आणि कृति

खेळ म्हणजे काय, हा प्रश्न वरकरणी पोरकट वाटतो; परंतु पोरकट प्रश्नांचा एक विशेष असा कीं, ते पोरांपेक्षां प्रौढांनाच अधिक अवघड जातात. चेंडू, बॅट आणि मैदान यांवांचून क्रिकेट होत नाहीं, हें कोणीहि सांगेल. पण समजा, चेंडू नाहीं, बॅट नाहीं, मैदान नाहीं. आणि तरीहि टोला मारल्याचा आनंद आहे, हार आहे, जीत आहे, दुखावलेला खांदासुद्धां आहे. अशा स्थितीला खेळ म्हणावें, कीं खेळाचा नुसता आविर्भाव म्हणावें? हा प्रश्न आतां तर्कशास्त्राच्या वर्गापुरता राहिलेला नाहीं. सुमारें वीस वर्षांपूर्वीं तो कोट्यवधि घरांच्या दिवाणखान्यांत येऊन उभा राहिला.

इ. स. १८८९ मध्यें जपानांतील क्योटो शहरीं खेळण्याचे पत्ते तयार करण्यासाठीं निघालेली निन्टेंडो ही कंपनी. तिनें २००६ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंत आणि पुढच्याच महिन्यांत जपानांत 'वी' नांवाचें घरगुती खेळयंत्र विक्रीस आणलें. त्याच्यासाठींच केलेला 'वी स्पोर्ट्स' हा व्हिडिओ गेम. टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि मुष्टियुद्ध असे पांच खेळ त्यांत होते. तोंपर्यंत व्हिडिओ गेम म्हटला कीं पडद्यासमोर बसावयाचें आणि दोन अंगठ्यांनीं बटणें दाबावयाचीं, अशी रूढि होती. येथें मात्र खेळणारानें टीव्हीच्या रिमोटसारखी एक पांढरी दांडी हातांत धरून रॅकेट फिरवावी तशी हवेंत फिरवावयाची; पडद्यावरची बाहुली तोच टोला मारते. या खेळाच्या आठ कोटींहून अधिक प्रती खपल्या. बहुतेक देशांत तो यंत्राबरोबरच मिळत असल्यामुळें हा सारा आंकडा लोकप्रियतेच्या खात्यावर मांडतां येणार नाहीं. तथापि ज्यांनीं असल्या खेळांना जन्मांत हात लावला नव्हता, असे आजीआजोबा नातवंडांच्या बरोबरीनें खेळूं लागले, आणि परदेशांतील वृद्धाश्रमांतून बोलिंगचे सामने होऊं लागले, ही गोष्ट खरी. पुढें मूळ यंत्र बाजारांतून गेलें. पण २०२२ मध्यें 'स्विच' या नव्या यंत्रासाठीं त्याच धर्तीचा खेळ निघाला. म्हणजे ही कल्पना एका हंगामाची नव्हती.

आतां या दांडीच्या पोटांत काय आहे तें पाहूं. कारण आपला नीतीचा प्रश्न तेथूनच उगवतो. तींत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा लवचिक आधारांवर टांगलेला असतो. हाताला हिसका बसला कीं तो तुकडा जागचा किंचित् हलतो, आणि त्याच्या हलण्यावरून यंत्र हिसक्याची दिशा व जोर अजमावतें. खेळणारा उभा आहे कीं आरामखुर्चींत पडला आहे, त्याचा खांदा वळला कीं नाहीं, पाऊल पुढें पडलें कीं नाहीं, याची त्या तुकड्याला वार्ता नसते. टेनिसमध्यें तर बाहुली चेंडूमागें आपली आपणच धांवते. आपण फक्त वेळ साधून हात हलवावयाचा. त्या वेळेच्या किंचित् मागेंपुढें होण्यावर चेंडू डावीकडे जाणार कीं उजवीकडे, हें बहुतांशीं ठरतें. साहजिकच चाणाक्ष खेळाडूंच्या ध्यानांत आलें कीं, सर्वांग वळवून मारलेल्या टोल्याला जें फळ मिळतें, तेंच बसल्या जागीं मनगटाच्या एका झटक्याला मिळतें. २००९ मध्यें दांडीचें वळणें-फिरणें मोजणारें एक जोडयंत्र आलें आणि यंत्राची नजर पुष्कळ तीक्ष्ण झाली. पण नजर कितीहि तीक्ष्ण झाली तरी ती दांडीवरच, माणसावर नव्हे.

मग मनगटानें जिंकणारा हा मनुष्य लबाड म्हणावा काय? त्याची बाजू लंगडी नाहीं. तो म्हणेल, 'मीं एकहि नियम मोडलेला नाहीं. थोड्या श्रमांत अधिक फळ मिळविणें हेंच तर सर्व कौशल्याचें मर्म. कसलेला लांकूडतोड्या नवशिक्यापेक्षां कमी घाव घालतो, म्हणून त्याला कोणी आळशी म्हणत नाहीं.' हा युक्तिवाद मोहक आहे, पण त्यांत एक दुवा निसटलेला आहे. लांकूडतोड्याचे कमी घाव हे त्यानें लांकडाशीं झुंजून मिळविलेले असतात. लांकडाला गांठी असतात. घाव चुकला तर तें कुऱ्हाड परत फेकतें. वस्तूच्या या विरोधांतूनच काटकसर शिकावी लागते, आणि म्हणून ती काटकसर म्हणजे विद्या होय. मनगटाच्या झटक्यासमोर असा विरोध कोणता? हवेला गांठी नसतात. एकलव्याचा गुरु मातीचा होता आणि तरीहि त्याची विद्या खरी ठरली, याचें कारण त्याचें धनुष्य खरें होतें; दोरी ताणतांना बोटें कापत होतीं. आमच्या या नव्या खेळांत गुरूऐवजीं धनुष्यच मातीचें झालें आहे. तेव्हां मनगटी खेळाडूला वेळ साधण्याचें एक कौशल्य आहे, हें मान्य करावें. मात्र त्यानें त्याला टेनिस म्हणूं नये.

येथें कोणी म्हणेल, 'मग सारा खेळच खोटा ठरला. तो मनगटानें खेळला काय आणि सर्वांगानें खेळला काय!' हा निकाल मला घाईचा वाटतो. आपल्याकडे मुली भातुकली खेळतात. बोळक्यांत भात नसतो, चुलींत विस्तव नसतो. पण म्हणून भातुकलीला खोटा स्वयंपाक असें कोणी म्हणत नाहीं. ती स्वयंपाकाची नक्कल नसून एक स्वतंत्र व्यवहार आहे आणि त्याला स्वतःची सचोटी आहे. चटका बसला कीं हात झटकावयाचा, पाहुण्यानें रिकाम्या ताटांतला घांस चांवून 'मीठ कमी आहे' म्हणावयाचें, ही ती सचोटी. दिवाणखान्यांतलें टेनिस मैदानी टेनिसच्या कुळांतलें नसून या भातुकलीच्या कुळांतलें आहे, असें एकदां मानलें कीं पुष्कळसा गोंधळ मिटतो. 'हें टेनिस खरें काय?' असें न विचारतां 'ही भातुकली मनापासून चालली आहे काय?' असें विचारावें.

आणि ती मनापासून चालली होती, याला पुरावे आहेत. खेळाच्या भरांत लोकांच्या हातून दांडी इतक्या जोरानें सुटूं लागली कीं, मनगटाला बांधावयाची दोरी तुटून ती टीव्हीच्या कांचेवर आदळे. २००६ च्या डिसेंबरांतच कंपनीला अधिक जाड दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या. २००७ मध्यें 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकांत एका डॉक्टराचें पत्र प्रसिद्ध झालें. त्यांत हें घरगुती टेनिस तासन्‌तास खेळून खांद्याचा स्नायुबंध दुखावल्याचा प्रकार वर्णिलेला आहे. त्याच वर्षीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें लिव्हरपूलच्या संशोधकांनीं अकरा मुलामुलींची पाहणी मांडली. बसून खेळावयाच्या व्हिडिओ गेमपेक्षां या खेळांत शक्ति अधिक खर्च होते, पण खऱ्या मैदानी खेळाइतकी होत नाहीं, असें त्यांना आढळलें. नसलेल्या चेंडूसाठीं ज्यांनीं खरा खांदा दुखवून घेतला, त्यांची श्रद्धा वेडगळ म्हणा. खोटी म्हणतां येणार नाहीं.

अडचण निराळीच आहे. खऱ्या भातुकलींत गुण मोजीत नाहींत. येथें भातुकली मांडली आणि तिच्या शेजारीं गुणफलक टांगला. भातुकली म्हणते, 'जणूं चेंडू आहे असा टोला मार'. गुणफलक म्हणतो, 'झटका पुरे'. या दोन धन्यांची चाकरी एकाच हातानें करावयाची, हा या खेळांतला खरा पेंच. डच पंडित योहान हौझिंगा यांनीं १९३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथांत एक मार्मिक भेद केला आहे. नियम चुकविणारा खेळाडू निदान खेळ मानण्याचा देखावा तरी करतो. परंतु खेळाचें जगच मोडून टाकणारा त्याहून अधिक घातक. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर, रडी खाणारा परवडला, पण 'बोळक्यांत कांहीं नाहीं' असें मोठ्यानें म्हणणारा परवडत नाहीं. आरामखुर्चींतून झटका मारणारा हेंच वाक्य न बोलतां म्हणत असतो. त्याच्याशेजारीं एखादें पोर सर्वांग घुसळून खेळत असतें. तें हरतें, आणि हरण्यापेक्षांहि आपण हास्यास्पद ठरलों या जाणिवेनें खट्टू होतें. त्या पोराचें नुकसान कोणत्याहि फलकावर दिसत नाहीं. परंतु तें खरें आहे, आणि तें करण्याचा हक्क नियमांच्या मौनानें मिळत नाहीं.

खेळापुरतेंच हें असतें तर इतका शब्दविस्तार करावयाचें कारण नव्हतें. पण हाच सूक्ष्म तुकडा आज खिशांतल्या फोनमध्यें बसून आपलीं पावलें मोजतो, आणि खुर्चींत बसून फोन हलविला तरी पुष्कळदां पावलें चढतात. यंत्राला खूण कळते, करणी कळत नाहीं. यंत्राचें काय घेऊन बसावें! आमच्या परीक्षाहि खुणाच मोजतात. ग्रंथ वाचून रात्रभर अस्वस्थ झालेला विद्यार्थी आणि मार्गदर्शिकेंतलीं उत्तरें घोकलेला विद्यार्थी यांच्या उत्तरपत्रिकेंत कित्येक वेळां परीक्षकाला फरक दिसत नाहीं. दुसरा कोणताहि नियम मोडीत नाहीं. मोजमाप जसजसें वाढत जातें, तसतसें मापाला पुरेल एवढेंच करावें, ही बुद्धि वाढत जाते. आणि होतां होतां, माप जेथें पोंचत नाहीं तेथें कांहीं करावयाचें असतें, याचाच विसर पडतो. मैदानावर चेंडूच आपल्याला प्रामाणिक ठेवीत असे. गैदी टोल्याला शिक्षा तो स्वतः देई. चेंडू काढून घेतल्यावर तें काम अंतःकरणावर येऊन पडतें, आणि अंतःकरणाला इतक्या एकाकी पहाऱ्याची संवय नसते.

यावर उपाय म्हणून 'प्रत्येकानें उभें राहूनच खेळावें' असा नियम करावा, असें मात्र मी म्हणणार नाहीं. वृद्धाश्रमांतल्या ज्या म्हाताऱ्याला खुर्चींतून उठतां येत नाहीं, जड चेंडू ज्याच्यानें पुन्हां कधींहि उचलवणार नाहीं, तोहि मनगटच हलवितो. डोळे पडद्यावरच्या दूरच्या खुंट्यांवर, श्वास रोखलेला, आणि थरथरत्या मनगटांत उरलेलें सारें बळ. यंत्राच्या लेखीं हा झटका आणि त्या धडधाकट चतुराचा झटका एकच. दोघांना सारखेच गुण. माणसाच्या लेखीं मात्र ते एक नाहींत. एकानें आपल्यापाशीं होतें तें सर्व घातलें आहे; दुसऱ्यानें यंत्राला पुरेल एवढेंच. आविर्भाव कोणता आणि कृति कोणती, हें हालचालीच्या लांबीरुंदीवरून ठरत नाहीं. करणारानें तींत स्वतःपैकीं किती घातलें, यावरून ठरतें. हा हिशेब ठेवणारें यंत्र अद्याप निघालेलें नाहीं. तें निघेल तेव्हां निघो. तोंवर हें खातें ज्याचें त्यानेंच लिहावयाचें आहे.