मोकळी मेमरी आणि मूर्च्छा

अपरिग्रह म्हणजे जवळ काही न बाळगणे, की बाळगलेल्या वस्तूत न गुंतणे, हा भारतीय आचारविचारातला जुना प्रश्न आहे; आणि माणसाच्या बाबतीत त्याचा निकाल लावणे अवघड जाते, कारण वस्तू मोजता येतात, गुंतणे मोजता येत नाही. एका अगदी वेगळ्या क्षेत्रात मात्र दोन्ही मोजता येतात. लिनक्सवर चालणाऱ्या, जेमतेम २ जीबी रॅम असलेल्या जुन्या डेस्कटॉप संगणकात पडद्याआडच्या प्रोग्रॅमांनी व्यापलेली मेमरी कमी कशी करावी, हा वरवर पाहता निव्वळ कारागिरीचा प्रश्न आहे. परंतु तो हाती घेणाऱ्याला पहिल्याच पायरीवर व्यापलेली मेमरी आणि अडकलेली मेमरी यांत भेद करावा लागतो, आणि हा भेद जैन आचार्यांनी परिग्रहाची व्याख्या करताना केलेल्या भेदाच्या बराच जवळ जातो.

इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत होऊन गेलेल्या उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही. मूर्च्छा, म्हणजे ‘हे माझे’ या भावनेने वस्तूला चिकटून राहणारी आसक्ती, हाच परिग्रह असे ते मानतात. श्वेतांबरांच्या दशवैकालिक सूत्रातही, संयमाला साहाय्य म्हणून बाळगलेले वस्त्र किंवा पात्र हा परिग्रह नव्हे, असे मत महावीरांच्या नावे नोंदलेले आहे. तत्त्वार्थसूत्र दोन्ही पंथांना मान्य आहे, तरीही मुनीने वस्त्र बाळगावे की नाही यावर श्वेतांबर आणि दिगंबर यांचे एकमत झाले नाही. व्याख्या मान्य होऊनही वाद मिटत नाही तेव्हा अडचण व्याख्येत नसून तिच्या पडताळणीत असते.

लिनक्सचे कर्नेल, म्हणजे यंत्र आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये राहून मेमरी, प्रोसेसर व डिस्क यांची वाटणी करणारा गाभा, रिकामी रॅम रिकामी राहू देत नाही. डिस्कवरून एकदा वाचलेल्या फाइलीची प्रत ते रॅममध्ये राखते, म्हणजे तीच फाइल पुन्हा लागली तर संथ डिस्कपर्यंत जावे लागत नाही. या साठ्याला पेज कॅशे म्हणतात. त्यामुळे थोड्या वापरानंतर ‘फ्री’ ही आज्ञा दिली की त्याच नावाच्या रकान्यात फार लहान आकडा दिसतो आणि नवखा वापरकर्ता घाबरतो. वास्तविक मूळ फाइल डिस्कवर शाबूत असल्याने, एखाद्या प्रोग्रॅमने मेमरी मागताच कर्नेल ही प्रत टाकून जागा मोकळी करते. जिच्यातला बदल अजून डिस्कवर उतरलेला नाही अशी प्रत तेवढी आधी लिहून काढावी लागते. २०१४ साली, कर्नेलच्या ३.१४ या आवृत्तीपासून, ‘अव्हेलेबल’ हा वेगळा आकडा मिळू लागला. स्वॅपचा, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर वापरायच्या डिस्कवरील राखीव जागेचा, आधार न घेता नव्या प्रोग्रॅमला किती मेमरी देता येईल याचा तो अंदाज असतो, आणि व्यापलेले व अडकलेले यांतला भेद त्याच्यात उतरला आहे. यंत्र हलके करण्याच्या उत्साहात काही जण ही कॅशे ठरावीक वेळाने आपोआप पुसली जाईल अशी योजना करतात. तिने ‘फ्री’चा आकडा फुगतो आणि यंत्र मात्र मंदावते, कारण टाकलेले सारे पुन्हा फिरत्या डिस्कवरून वाचावे लागते. दिखाऊ त्यागाची किंमत इतक्या नेमकेपणाने अन्यत्र क्वचितच कळत असेल.

मूर्च्छेचे साम्य शोधायचे तर ते दुसऱ्या प्रकारच्या मेमरीत सापडते. प्रोग्रॅम स्वतःच्या कामासाठी जी मेमरी भरतो तिच्यामागे डिस्कवरची कोणतीही फाइल नसते. तिला अनामिक मेमरी म्हणता येईल. ती टाकली तर मजकूर कायमचा जाईल, म्हणून कर्नेल तिला फार तर स्वॅपमध्ये हलवू शकते, आणि स्वॅप नसेल तर प्रोग्रॅम जिवंत असेपर्यंत तिला हात लावू शकत नाही. प्रिंटर नसलेल्या घरात चालणारी ‘कप्स’ ही छपाईची सेवा, डोंगल नसताना जागा राहणारा ‘मोडेम मॅनेजर’, फाइलींची सूची करत राहणारे, ग्नोम या डेस्कटॉपमधले ‘ट्रॅकर’ किंवा केडीई या डेस्कटॉपमधले ‘बालू’, कोणी कधी न उघडलेल्या दिनदर्शिकेची माहिती सांभाळणारा सर्व्हर, हे सारे अशी मेमरी धरून असतात. यंत्राला मन नाही, त्यामुळे आसक्तीही नाही. तरीही वापरात नाही आणि मागितले असता सुटतही नाही, ही मूर्च्छेची बाह्य लक्षणे तेथे स्पष्ट दिसतात.

उपाय अनेक आहेत, पण त्यांची योग्यता सारखी नाही. लिनक्सच्या बहुतेक प्रचलित वितरणांत सेवा चालवण्याचे काम ‘सिस्टीमडी’ करते. तिच्याद्वारे सेवा ‘डिसेबल’ केली तर ती संगणकाबरोबर आपण होऊन सुरू होत नाही, मात्र दुसऱ्या सेवेने बोलावल्यास उठते. ‘मास्क’ केली तर कोणीही बोलावले तरी उठत नाही. तिसरा मार्ग सॉकेट ॲक्टिव्हेशनचा आहे: मागणी येण्याच्या जागेवर सिस्टीमडी स्वतः लक्ष ठेवते आणि मागणी आल्यावरच सेवेला जागे करते. या मार्गात छपाईची क्षमता सोडलेली नसते, तिच्यासाठी अखंड राखलेला हक्क तेवढा सोडलेला असतो, आणि तात्त्विक दृष्ट्या हाच मार्ग सर्वांत लक्षणीय ठरतो. व्यवहारात या साऱ्यातून मिळणारी बचत माफकच असते. अनेक सेवा बंद करून जे मिळवावे ते ब्राउझरचा एखादा जड टॅब सहज गिळतो.

दिगंबर आचार्य पूज्यपाद यांनी सर्वार्थसिद्धी या टीकेत उमास्वातींच्या व्याख्येचा दुहेरी खुलासा केला आहे. बाहेर काहीही नसताना ‘हे माझे’ असा संकल्प करणारा परिग्रहीच होय, आणि बाहेरची वस्तूही मूर्च्छेला कारण होते म्हणून परिग्रहच होय, असे त्यांचे म्हणणे आहे. यातल्या पहिल्या भागाशी यंत्राचे साम्य तुटते. प्रोग्रॅमने मोठी मेमरी मागितली तर कर्नेल ती कागदोपत्री मंजूर करते, पण तेथे प्रत्यक्ष काही लिहिले जाईपर्यंत रॅम देत नाही, त्यामुळे नुसत्या दाव्याने कोणाचेही काही अडत नाही. जैन विचारात मात्र दावा हाच दोष असतो, कारण कर्माचे बंधन भावातून घडते आणि ते दावा करणाऱ्यालाच जखडते. दुसऱ्याला वस्तू कमी पडली की नाही, हा तेथे मुख्य मुद्दाच नाही. यंत्राचा हिशोब याच्या उलट असतो, तो केवळ इतरांना काय उरले एवढाच विचारतो. या बाबतीत तो उमास्वातींपेक्षा गांधींच्या जवळ आहे. १९३० साली पुण्याच्या येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या व्रतविषयक पत्रांत गांधींनी अपरिग्रहाचा संबंध अस्तेयाशी, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताशी, जोडला आणि गरज नसलेली वस्तू जवळ ठेवणे ही एक प्रकारची चोरीच मानली. निरुद्योगी सेवेवर ठेवता येणारा आरोप हाच आहे. ती स्वतः कशानेही बांधली जात नाही.

पूज्यपादांच्या खुलाशाच्या दुसऱ्या भागात, मुनीने वस्त्रही बाळगू नये असे मानणाऱ्या दिगंबर पक्षाचे बळ आहे. वस्त्र आहे पण आसक्ती नाही, असे म्हणणाऱ्याला ते मागावे, धुवावे, जपावे लागतेच, आणि त्याची अनासक्ती खरी की सोयीची हे बाहेरून ठरवता येत नाही. लिनक्समध्ये ही अडचण नाही. २०१६ च्या ४.५ या आवृत्तीपासून प्रोग्रॅमला आपल्या मेमरीचा काही भाग ‘लागेल तेव्हा न्यावा’ असा जाहीर करता येतो, आणि त्या घोषणेवर विसंबता येते, कारण वेळ आल्यावर नेणारे कर्नेल हजर असते. माणसाच्या अनासक्तीच्या घोषणेमागे असा कोणी उभा नसतो. बहुधा म्हणूनच गृहस्थासाठी जैन आचारात मनोवृत्तीची परीक्षा न ठेवता परिग्रहपरिमाण हे अणुव्रत, म्हणजे गृहस्थाला पेलेल असे मर्यादित व्रत, सांगितले गेले, ज्यात जमीन, घर, सोने, धान्य इत्यादींची मर्यादा श्रावक आधीच ठरवून घेतो. सिस्टीमडीतही सेवेला मेमरीची कमाल मर्यादा घालण्याची सोय आहे, पण तेथे मर्यादा घालणारा एक आणि पाळणारा दुसरा असतो. २ जीबीच्या यंत्रावर ब्राउझरला अशी मर्यादा घालणारा वापरकर्ता आपले व्रत त्याच्यावर लादतो. उघड्या टॅबांची संख्या आधी ठरवून त्यापुढे न जाणे हे श्रावकाच्या व्रताशी अधिक जुळते, आणि रॅमही त्यानेच जास्त सुटते.