मानाचा धनी कोण?

पर्यावरण राखल्याबद्दल विद्यापीठाचा गौरव झाला की कुलगुरूंच्या गळ्यात हार पडतो. इंडोनेशिया विद्यापीठाने तर २०१०पासून जगातील विद्यापीठांची हरित क्रमवारीच सुरू केली. गौरव जरूर व्हावा, पण कोणाचा? होळकरांच्या इंदुरातले उदाहरण घ्या. तेथील कृषिसंशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून खत करण्याची रीत बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून गाजली. तिच्यावरील १९३१च्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड हेही नाव आहे. ते किती जणांना ठाऊक असेल? आणि ज्यांनी ते थर हातांनी रचले, उलथले, त्या मजुरांचे काय? आजही विद्यापीठाच्या आवारातला पाला पहाटे गोळा करणारी बाई सत्काराच्या दिवशी सभागृहात असतेच, खुर्च्या पुसायला.