तीन शिट्ट्या

पेण तालुक्यात हमरापूर-जोहे भागात गणपतीचे कारखाने घरोघर. अशाच एका कारखान्यात आप्पा आखणी करायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. माती, साचा, रंग सगळं चोख असलं तरी डोळा चुकला की गिऱ्हाईक मूर्तीला हात लावत नाही.

घरातल्या दोघांना आखणी शिकायची होती. धाकट्या मुलाने मुंबईहून भारी ब्रश आणले, माळ्यावर ट्यूबलाइट लावली आणि सीझन संपायची वाट बघत बसला. पण तिथे सीझन संपतो कधी? विसर्जन झालं की पुढच्या वर्षाची कामं निघतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर चतुर्थीच्या कितीतरी आधी खोक्यांत भराव्या लागतात.

सून म्हणाली, "आप्पा, मला तर रविवारही नसतो."

"भाताला शिट्ट्या किती करतेस?"

"तीन."

"तेवढ्यात काढ. तिसरी झाली की ब्रश खाली, कितीही रंगात आलीस तरी. मोकळा वेळ कुणाला सापडत नाही, बाळ. रोजच्या एखाद्या कामाला तो बांधून टाकायचा."

मग ओट्याशेजारी रद्दीचा गठ्ठा आला. पहिले कित्येक दिवस आप्पांनी फक्त वरच्या पापणीची रेघ काढायला लावली. श्वास रोखून, एका दमात, मध्ये ब्रश न उचलता. पुढे बुबुळं आली, तीही सुरुवातीला एक पूर्वेला तर एक पश्चिमेला. वर्तमानपत्रातल्या पुढाऱ्यांच्या कपाळांवर डोळे उगवले. काहींना ते शोभलेही. सून चार दिवस माहेरी जाऊन आली, तर रेघ थरथरली. तिने विचारलं नाही, आप्पांनीही सांगितलं नाही; तिचं तिला कळलं.

दुसऱ्या वर्षी श्रावणात कामाची झुंबड उडाली, तेव्हा आप्पांनी वीतभर उंचीच्या मूर्तींची एक रांग सुनेपुढे सरकवली. "एवढ्या तुझ्या. मोठ्यांना अजून हात लावायचा नाही."

धाकटा बघत होता. माळ्यावरून न उघडलेलं पाकीट आणून म्हणाला, "वहिनी, हे ब्रश तूच घे."

आप्पांनी मान वर न करता विचारलं, "तुझं अंघोळीचं पाणी तापायला किती वेळ लागतो रे?"