आरतीचे ताट

दोन वर्षांमागे आमच्या शाळेला भिंतीवर चित्रे दाखवणारा प्रोजेक्टर मिळाला. मोठ्या हौसेने मी सातवीच्या वर्गात ज्वालामुखीविषयीचे एक पान उघडले. मुले टक लावून पाहत होती. लाव्हारस नुकता कुठे वाहू लागला होता, तोच पडद्याच्या मधोमध एक चौकट येऊन आदळली. पत्ते, नाण्यांची रास, आणि त्यामागे अंगावर बेताचीच वस्त्रे असलेली एक बाई! चौकट घालवण्यासाठी मी कोपऱ्यातली फुली दाबली, तर ती फुलीही खोटी निघाली. तिच्यातून दुसरी चौकट उघडली. वर्गात हशा पिकला. मास्तरकीच्या वीस वर्षांत मी इतका ओशाळलो नव्हतो. माझ्या हातातला खडू काढून घेऊन कुणी भलत्यानेच फळ्यावर लिहावे, तसे मला झाले.

मे महिन्याच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो पुण्याला संगणकाच्या कचेरीत असतो. हकीकत ऐकून तो म्हणाला, "सर, दार सताड उघडे टाकून बसलात, तर कोणीही आत शिरणारच." आणि चहा निवायच्या आत त्याने माझ्या ब्राउझरला एक एक्स्टेन्शन जोडून दिले. तेच पान पुन्हा उघडले. चौकट नाही, बाई नाही, नाण्यांची रास नाही. वऱ्हाड परतल्यावर लग्नघरात जशी शांतता पसरते, तशी त्या पानावर पसरली होती.

यातली किमया समजून घेतल्यावाचून मास्तराला चैन कुठले? त्याने समजावले ते असे: आपण पान एकच उघडतो, पण त्यातला सारा माल एकाच घरून येत नाही. मजकूर एका ठिकाणाहून, चित्रे दुसऱ्या, आणि जाहिराती आणखी कुठल्या पेढीवरून मागवल्या जातात. एक्स्टेन्शनजवळ अशा पेढ्यांच्या पत्त्यांची भलीमोठी यादी असते. यादीतला पत्ता दिसला की ते मागणीच जाऊ देत नाही. 'इझीलिस्ट' नावाची अशी एक यादी २००५ पासून स्वयंसेवक सांभाळीत आले आहेत. माझ्या वाट्याला आले ते 'युब्लॉक ओरिजिन'. त्याचे मूळ रेमंड हिल यांनी २०१४ साली लिहिले. हे गृहस्थ देणगी मागत नाहीत. काही करावेसे वाटलेच, तर याद्या सांभाळणाऱ्यांची आठवण ठेवा, एवढेच सांगतात. "मात्र रखवालदार पारखून ठेवावा, सर," तो जाता जाता म्हणाला, "त्याला तुमचे प्रत्येक पान दिसते." ते खरेच आहे. २०१८ साली गूगलला आपल्या दुकानातून अशी पाच बनावट एक्स्टेन्शने काढून टाकावी लागली होती.

पाच महिने मी त्या शांततेत सुखाने वाचले. मग दिवाळीत दुसरा एक विद्यार्थी फराळाला आला. तो गडकिल्ल्यांची माहिती देणारे संकेतस्थळ चालवतो. प्रत्येक किल्ला स्वतः चढतो. वाट कुठे ढासळली आहे, टाक्यातले पाणी पिण्याजोगे आहे की नाही, ते बारकाईने लिहितो. मी त्याचा नेमाचा वाचक. चकली मोडता मोडता तो म्हणाला, "सर, वाचणारे दरवर्षी वाढताहेत आणि मिळकत दरवर्षी घटते आहे. लोक आता जाहिराती येऊच देत नाहीत. पुढच्या वर्षी बंद करावे म्हणतो."

मी लाडवांची बशी त्याच्यापुढे सरकवली. पण त्याच्या तोंडाकडे पाहणे काही मला जमले नाही. त्या 'लोकां'मध्ये मीही होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वर्गात कागदाचा बोळा टाकणाऱ्या मुलाला मी एकच प्रश्न विचारतो: "अरे, सगळ्यांनीच असे केले तर?" तो प्रश्न आता माझ्यावरच उलटला होता. सगळ्यांनीच जाहिराती अडवल्या, तर किल्ल्याची वाट कोण सांगणार? आणि त्याने वर्गणी लावली, तर माझ्या शाळेतल्या मुलांच्या बापांनी ती कुठून आणायची? आज ती मुले फुकट वाचतात, ती दुसऱ्या कुणीतरी जाहिरात सोसल्यामुळे.

तुम्ही म्हणाल, कायदा काय सांगतो ते पाहावे. तेही पाहिले. असे एक्स्टेन्शन लोकांना देणे म्हणजे अनुचित स्पर्धा नव्हे, असा निकाल जर्मनीच्या संघीय न्यायालयाने २०१८ साली दिला. अमेरिकेच्या एफबीआयने तर, खोट्या जाहिरातींतून फसवणूक होते म्हणून, डिसेंबर २०२२ मध्ये नागरिकांना ते वापरण्याचा सल्लाच दिला. तेव्हा दाराला कडी लावणे गैर नाही. पण कायद्यात बसते ते सारेच धर्मात बसते असे नाही. मन काही स्वस्थ होईना.

बरे, जाहिरातीशी माझे वैर आहे काय? मुळीच नाही. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला, तिथपासून आपण या अंकांची परंपरा मोजतो. आणि जाहिरातींवाचून अंक निघणे किती कठीण, हे कोणताही संपादक सांगेल. लहानपणी साबणाची, उदबत्तीची, सराफाच्या पेढीची जाहिरात मी गोष्टींइतक्याच आवडीने पाहत असे. ती बिचारी पानावर गप पडून असे. मी कोण, माझ्या घरात कोण आजारी आहे, हे तिला ठाऊक नसे. मी पान उलटले तर ती रागावत नसे, की पुढच्या पानावर येऊन उभी राहत नसे.

पडद्यावरच्या जाहिरातीची तऱ्हा निराळी. तिथे मी पान उघडताच, पापणी लवते न लवते तोच, माझ्या नजरेचा लिलाव पुकारला जातो. मी कुठे राहतो, काय वाचतो याचा अदमास बोली लावणाऱ्यांना दिला जातो. आईच्या गुडघेदुखीविषयी मी एकदा वाचले, तर पुढे पंधरा दिवस तेलाच्या बाटल्या माझ्या मागे फिरत होत्या. आईचे दुखणे बाजारात कुणी मांडले? मी तर नाही मांडले. नव्या खिडकीत उसळणाऱ्या जाहिरातीची आज्ञावली लिहिणारे इथन झुकरमन यांनी २०१४ साली 'द अटलांटिक' मासिकात जाहीर माफी मागितली. आमचा हेतू चांगला होता, असेही ते म्हणाले. मला ते खरे वाटते. लोकांना फुकट द्यावे हा हेतू चांगलाच असतो. वाईट असते ते आडून वसूल करणे.

विचार करता करता मला आमच्या गावच्या मारुतीच्या देवळातले कीर्तन आठवले. तिकीट नसे. कीर्तन संपले की आरतीचे ताट फिरे. कुणी रुपया टाकी, कुणी चार आणे. कुणी नुसतेच हात जोडी, प्रसाद त्यालाही मिळे. आरतीची चाहूल लागताच चपला शोधणारेही असत. "कान तृप्त झाले, लगेच पाय फुटले," असे आजी त्यांच्याविषयी म्हणे. आता समजा, देवळाच्या दाराशी श्रोत्यांचे खिसे चाचपायला कुणी माणूस उभा केला असता, तर आजीने त्याला पायरीवरून खाली उतरवले असते. पण म्हणून तिने ताटात पैसा टाकायचे सोडले असते काय?

माझी चूक मला इथे सापडली. खिसे चाचपणाऱ्याला मी हाकलले, ते ठीकच केले. पण त्याच्याबरोबर मी ताटही परतवले होते.

दुसऱ्या दिवशी मी किल्लेवाल्याला फोन करून सारे कबूल केले. तो मोठ्याने हसला. "सर, ते एक्स्टेन्शन मीही वापरतो!" मग आम्ही दोघे बसलो. त्याने पाळत ठेवणाऱ्या जाहिराती काढून टाकल्या. गिर्यारोहणाचे बूट विकणाऱ्या एका दुकानदाराची साधी जाहिरात पानावर लावली. ती कुणाच्या मागे जात नाही. पानाच्या तळाशी ऐपतीप्रमाणे देण्याची सोय ठेवली. पहिले पैसे मी टाकले. वर्ष झाले, संकेतस्थळ चालू आहे. मिळकत पूर्वीइतकी नाही. पुढच्या वर्षाची खात्री तोही देत नाही, मीही देत नाही. माझी कडी अजून लावलेली आहे. पण जिथे नेमाने वाचतो, तिथे ताट कुठे ठेवले आहे ते आता शोधतो, आणि जिथे जाहिरात सभ्यपणे बसलेली असते, तिथे कडी काढतो.

हा अंक मिटण्यापूर्वी मागच्या पानांवरल्या जाहिरातींवरून एकदा नजर फिरवा. कुणी मिठाईवाला असेल, कुणी कापडवाला असेल. तुम्ही वाचलेल्या गोष्टीच्या कागदाचे पैसे त्यांनीही दिले आहेत, आणि तुमच्या घरात कोण आजारी आहे हे त्यांनी विचारलेले नाही.